पोटातली गोष्ट

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत पाठवा, असा संपादकांचा निरोप आला, आणि मी पोटाविषयी लिहायला बसलो आहे. फराळाची ताटली समोर घेऊन हा अंक उघडणाऱ्यांनी आधी ताटली संपवावी. चकली सादळते, लेख सादळत नाही.

एरवी या सदरात मी शेजाऱ्यापाजाऱ्यांची, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची आणि गणपतीच्या वर्गणीची उणीदुणी काढत असतो. आज स्वतःचेच एक गुपित बाहेर काढतो. बावीस वर्षे मी बोरीवलीहून चर्चगेटला नोकरीसाठी जात होतो, आणि त्यांतली शेवटची सोळा वर्षे मी धीम्या गाडीने गेलो.

मुंबईबाहेरच्या वाचकांना वाटेल, यात गुपित ते काय? तर सांगतो. बोरीवलीकराला जलद गाडी हा आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो. सकाळची जलद गाडी बोरीवलीहून सुटली की पुष्कळदा एकदम अंधेरीलाच थांबते. मग वांद्रे, दादर, मुंबई सेंट्रल, आणि पन्नासेक मिनिटांत चर्चगेट. धीमी गाडी मात्र मधली वीसच्या वीस स्टेशने घेत, प्रत्येकाची विचारपूस करीत जाते. समोर आलेली जलद गाडी सोडून धीमीत बसणारा बोरीवलीकर म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबी परत पाठवणारा माणूस. लोक त्याच्याकडे वळून बघतात.

कचेरीत मी सांगत असे, “धीमीत खिडकी मिळते हो, वाचन होतं.” त्यामुळे माझी मोठा वाचक म्हणून ख्याती झाली. निरोपसमारंभाच्या दिवशी साहेबांनी माझ्या वाचनावर चार मिनिटे भाषण केले. पुस्तक माझ्या हातात उघडे असे हे खरे, पण एकेक पान आठ-आठ दिवस चाले. सारे लक्ष पुढचे स्टेशन किती लांब आहे याकडे. कारण मुंबईच्या लोकलला शौचालय नसते, आणि माझ्या पोटाचा भरवसा नव्हता.

झाले, सांगून टाकले. वाटले होते तितके जड गेले नाही.

त्या सोळा वर्षांत पश्चिम रेल्वेचा एक नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला होता. कोणत्या फलाटाच्या कोणत्या टोकाला ‘ती’ सोय आहे, कोणती सकाळी कुलपात असते, कुठे सुटे पैसे लागतात, मला सगळे तोंडपाठ. २०१६ साली गोरेगाव आणि जोगेश्वरीच्या मध्ये राममंदिर हे नवे स्टेशन झाले, तेव्हा आमच्या डब्यातली मंडळी “आता आणखी दोन मिनिटं गेली” म्हणून कुरकुरली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. उलट २०१७ च्या नाताळात देशातली पहिली वातानुकूलित लोकल आमच्या बोरीवलीहून चर्चगेटला निघाली, तेव्हा सारा फलाट हरखून गेला होता. मला मात्र आपोआप बंद होणारे ते दरवाजे पाहूनच पोटात कळ आली. पुढे एकदा साहेबांनी त्या गाडीने बरोबर चला म्हटले, तर मी थंडी बाधते असे सांगितले. मे महिन्यात!

रेल्वे आणि पोट यांचे भांडण तसे जुने आहे. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या एका बंगाली गृहस्थांनी साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला एक तक्रारअर्ज लिहिला. फणस खाऊन त्यांचे पोट फुगले होते, म्हणून ते स्टेशनात उतरून आडोशाला गेले आणि गार्डाने शिट्टी मारून गाडी सोडून दिली. एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना ते फलाटावर सर्वांदेखत पडले. हा अर्ज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेला आहे, आणि त्यानंतरच खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये आली असे सांगतात. लोक तो वाचून हसतात. मला सेनबाबूंच्या धैर्याचे कौतुक वाटते. ते निदान लिहून मोकळे झाले. मी घरातही बोललो नव्हतो.

आता माझ्या पोटाचे नेमके काय होत असे, ते सभ्य शब्दांत सांगतो. सकाळी उठल्यापासून बेंबीखाली कळ येई. शौचास जाऊन आले की जरा बरे वाटे, पण अर्ध्या तासाने पुन्हा. कधी तीन दिवस कोठा साफ नाही, तर कधी एका सकाळी चार खेपा. पोट फुगे. आणि गंमत अशी की रविवारी बहुधा काहीच होत नसे. रविवारी मी कांदाभजी खाऊन ढाराढूर झोपत असे. या रविवारनेच माझा घात केला. कारण जे जे डॉक्टर मी पाहिले, त्यांना रविवारचे सांगितले की ते हसून म्हणत, “मग झालं तर! मनाचं आहे सगळं.”

तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त, मळ, सोनोग्राफी, शेवटी दुर्बीणसुद्धा आत जाऊन आली. सगळे नॉर्मल. “तुम्हाला काहीही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका,” असे एका मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितले, आणि माझे अभिनंदन करून पुढच्या रोग्याला आत बोलावले. टेन्शन ही काय दुकानात जाऊन घ्यायची वस्तू आहे? ज्याला रोज सकाळी कळ येते त्याला ‘काही झालेले नाही’ हे ऐकून आनंद व्हायला हवा. मला लाज वाटली. म्हणजे दुखणे खोटे आणि मी नाटकी, असा अर्थ मी काढला आणि पोटातली गोष्ट पोटातच ठेवली.

आपल्या भाषेला मात्र हे सारे पूर्वीपासून ठाऊक आहे, हे पुढे ध्यानात आले. परीक्षेचा निकाल म्हटला की पोटात गोळा येतो. वाईट बातमीने पोटात कालवाकालव होते. दुसऱ्याचे चांगले झालेले पाहून काहींचे पोट दुखते. माणूस कळवळून बोलला तर आपण पोटतिडकीने बोलला म्हणतो, आणि दुसऱ्याचा अपराध क्षमा करायचा तोही पोटातच घालतो. हल्लीची मुले पोटात फुलपाखरे उडाली असे म्हणतात. ती कुठून उडत आली देव जाणे. मराठी पोटात गोळाच उठतो.

आणि नुसती भाषाच नव्हे. चरकसंहितेत अतिसाराचे, म्हणजे जुलाबाचे, सहा प्रकार सांगितले आहेत. चार वातपित्तकफांच्या हिशेबातले; उरलेले दोन म्हणजे भयाने होणारा आणि शोकाने होणारा. त्या दोन्हींवर वात शमवणाऱ्या उपायांबरोबर रोग्याला प्रसन्न करावे आणि धीर द्यावा, असे चरक सांगतो. भीतीने होणाऱ्या जुलाबाला त्याने रोगांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली, ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हटले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाश्चात्त्यांना हे डोळ्यांनी दिसायला एक अपघात घडावा लागला. १८२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण हमालाच्या पोटात अगदी जवळून बंदुकीचा बार घुसला. विल्यम ब्युमाँट या लष्करी डॉक्टराने त्याला वाचवले, पण जठराला पडलेले भोक कायमचे राहिले. म्हणजे आयतीच खिडकी! ब्युमाँट त्या खिडकीतून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडी आणि काय होते ते पाही. सेंट मार्टिन या प्रकाराला विटून पुष्कळदा चिडत असे, आणि त्याची चूक होती असे मला वाटत नाही. तर भीती, संताप असे काही झाले की जठराचे अस्तर कधी लाल नि कोरडे पडते, कधी फिके पडते, अशी नोंद ब्युमाँटने आपल्या १८३३ च्या ग्रंथात करून ठेवली.

पुढे क्ष-किरण आले, आणि वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या शरीरशास्त्रज्ञाने मांजरांना बिस्मथ कालवलेले अन्न चारून त्यांच्या पोटातली हालचाल पडद्यावर पाहिली. पिल्ले असलेली एक मांजरी एकाएकी कावरीबावरी झाली, त्याबरोबर तिच्या जठराची हालचाल जागच्या जागी थांबली. तिला कुरवाळले, ती गुरगुरू लागली, तेव्हा कुठे ती पुन्हा सुरू झाली. हे वाचले तेव्हा मला त्या मांजरीला जाऊन भेटावेसे वाटले. तिला कोणी टेन्शन घेऊ नकोस म्हटले नव्हते.

मांजरीपर्यंत मी कसा पोचलो ते आता सांगतो. त्याला माझी पुतणी कारण झाली.

धाकट्या भावाची मुलगी. संगमनेरची. गेल्या दिवाळीनंतर तिला चर्चगेटजवळ नोकरी लागली आणि ती वझिऱ्याला आमच्या घरी राहायला आली. पोरगी गुणी, हसरी. पण महिनाभरातच सकाळचे खाणे टाळू लागली. “काकू, भूक नाही.” मग कचेरी साडेनऊची असताना साडेसहालाच घराबाहेर पडू लागली. आमच्या सौ.ला संशय आला. एके रात्री ती मला हळूच म्हणाली, “अहो, पोरगी कुणाला तरी भेटायला लवकर जाते. वन्सं असत्या तर एव्हाना छडा लावला असता. तुम्ही जरा लक्ष ठेवा.”

मी निवृत्त माणूस. रोज सकाळी स्टेशनाचा पूल ओलांडून पूर्वेला नॅशनल पार्कात फिरायला जातो. दुसऱ्या दिवशी पुलावर थांबलो. खाली फलाटावर पुतणी उभी होती. जलद गाडी आली. बायकांच्या डब्यापाशी नेहमीची झुंबड उडाली. ही दोन पावले पुढे गेली, दाराच्या दांडीला तिने हातही लावला, आणि मागे सरली. गाडी निघून गेली. ती फलाटावर तशीच उभी राहिली, एक हात पोटावर. थोड्या वेळाने तिने जिना चढून फलाट बदलला आणि ती धीमीत जाऊन बसली.

मी पुलाच्या कठड्याला धरून उभा होतो. पार्कात गेलो नाही. ती मागे सरली ना, ते पाऊल माझ्या ओळखीचे होते.

संध्याकाळी सौ. भाजी आणायला गेल्यावर मी तिला विचारले, “धीमी गाडी का गं घेतेस?” ती चपापली आणि म्हणाली, “काका, खिडकी मिळते. वाचन होतं.”

त्यावर मी जो हसत सुटलो, तो मला थांबवता येईना. मग डोळ्यांत पाणी आले. पोरगी घाबरली. मग मी तिला सगळे सांगितले. आधी नकाशा सांगितला, फलाटांची टोके, कुलपे, सुटे पैसे. ती ऐकत राहिली आणि मग तिच्या तोंडून बांध फुटल्यासारखे आले. बारावीच्या परीक्षेपासून हे चालले होते. घरी आधी “अभ्यास झाला नाही म्हणून नाटकं” असे ऐकून घेतले, मग वसतिगृहात “फार नाजूक आहेस बाई” असे. तिने सांगणेच सोडून दिले. खाल्ले नाही तर गाडीत त्रास होणार नाही, असा हिशेब करून ती सहा-सहा तास उपाशी राहत होती.

एवढ्यात सौ. दारात उभी. पिशवी हातातच. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे. पोरीला काही बोलली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, “सोळा वर्षं! आणि मी रोज सकाळी उठून डब्यात लसणाची फोडणी घालून चवळीची उसळ देत होते! एका शब्दानं सांगायचं नाही?” दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचा राग उसळीबद्दल नव्हता, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

बोरीवलीतल्याच एका बाई डॉक्टरांकडे आम्ही तिघे गेलो. त्यांनी पुतणीला पाऊण तास दिला. आधी धोक्याच्या खुणा विचारल्या. मळातून रक्त जाते का, वजन आपोआप उतरले आहे का, ताप येतो का, रात्री झोपेतून पोटदुखीने उठावे लागते का, अंगात रक्त कमी आहे का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग आहे का. यांतले एक जरी असते तर पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. आपल्या देशात आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही, आणि पन्नाशीच्या सुमारास पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला तर तो मनाचा म्हणून सोडून देऊ नये, असेही त्यांनी बजावले. यांतले काही नव्हते. मग त्या म्हणाल्या, “हा आयबीएस. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. खरा आजार आहे, आणि माझ्या दवाखान्यात रोज दोन-चार तरी येतात.”

आतड्याचा चिडखोरपणा म्हणू या. २०१६ च्या रोम निकषांप्रमाणे, निदान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली आणि गेले तीन महिने सरासरीने आठवड्यातून एक दिवस तरी येणारी पोटदुखी, शिवाय तिचा शौचाशी संबंध, शौचाच्या खेपांत बदल, मळाच्या स्वरूपात बदल यांपैकी दोन गोष्टी असल्या की त्याला आयबीएस म्हणतात. तेहतीस देशांच्या एका मोठ्या पाहणीत या निकषांत शंभरात चार माणसे बसली. म्हणजे लोकलच्या एका गच्च डब्यात दहा-बारा तरी असतील. सगळी दाराकडे बघत.

“मग तपासणीत काही का दिसत नाही?” मी विचारले. बाईंनी कागदावर आतडे काढले. चित्रकला बेताची होती, आतडे चकलीसारखे दिसत होते, पण समजले. अन्ननळीपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे जाळे आहे, दहा कोटींहून अधिक पेशी. मेंदूशी संबंध तोडला तरी हे जाळे अन्न पुढे ढकलण्याचे काम आपल्या आपण करू शकते. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी हे १८९९ मध्येच दाखवले. मेंदूतले म्हणून जे सेरोटोनिन आपण ऐकतो, त्याचा शरीरातला नव्वद टक्क्यांहून जास्त साठा आतड्यात असतो. आणि मेंदू व पोट यांच्यामध्ये व्हेगस नावाचा जो मोठा मज्जातंतू आहे, त्यातले बहुसंख्य धागे खालून वर निरोप नेणारे आहेत. साहेब वर बसून हुकूम सोडतो अशी आपली समजूत. प्रत्यक्षात खालची कचेरीच दिवसभर वर फायली पाठवत असते.

चिडखोर आतड्यात या टपालाचा आवाज वाढलेला असतो. १९७३ साली रिची नावाच्या डॉक्टरांनी रोग्यांच्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला. निरोग्यांना ज्या फुग्याचे काहीच वाटत नव्हते, तेवढ्यानेच या रोग्यांपैकी कितीतरी जणांना दुखू लागले. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, मग दुर्बिणीला काय दिसणार? रेडिओ उघडून पाहिला तर सगळे भाग शाबूत, फक्त आवाजाची खुंटी कोणीतरी पिळून ठेवलेली. भीती, परीक्षा, बंद दरवाजे यांनी ती खुंटी आणखी पिळली जाते. रविवारी ती जरा सैल होते.

हे ऐकून पुतणी म्हणाली, “म्हणजे शेवटी मनाचंच ना?”

बाईंनी पेन खाली ठेवले. “तुझी भीती आधी की दुखणं आधी?”

ते तिला सांगता येईना. मला मात्र सांगता आले, आणि स्वतःच चकित झालो. माझी सुरुवात गाडीत झालीच नव्हती! एका लग्नाहून परत आल्यावर मी पाच दिवस ताप आणि जुलाबाने अंथरुणाला खिळलो होतो. बरा झालो, पण पोट पूर्वीसारखे झाले नाही. त्यानंतर काही महिन्यांनी, ऐन जुलैच्या पावसात, माझी जलद गाडी मालाड-गोरेगावच्या मध्ये चाळीस मिनिटे अडकली. काही घडले नाही. घाम फुटला, अंधेरीला उतरलो, अब्रू वाचली. पण त्या दिवसापासून जलद गाडी दिसली की पोट आधी बोलू लागले.

असे पुष्कळांचे होते, बाई म्हणाल्या. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळून हजारो लोकांना जुलाब झाले. त्या लोकांना पुढे वर्षानुवर्षे पाहत राहिल्यावर त्यांच्यात आयबीएसचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. ऑस्ट्रेलियात बारा वर्षे माणसांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये एक निष्कर्ष निघाला तो तर मी वहीत लिहून ठेवला आहे. ज्यांना आधी चिंतेचा त्रास होता त्यांना पुढे पोटाचे विकार जास्त झाले, आणि ज्यांना आधी फक्त पोटाचा त्रास होता, मन ठणठणीत होते, त्यांच्यात पुढे चिंता जास्त वाढली. रस्ता दुहेरी आहे. माझ्या पोटाने माझ्या मनाला भ्यायला शिकवले, आणि मग मनाने ती शिकवणी व्याजासह पोटाला परत केली. सोळा वर्षे लोक मला एकाच बाजूची वाहतूक दाखवत होते.

उपायांचे थोडक्यात सांगतो. आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी माझ्या लेखावरून औषध घेऊ नये. खाण्यात काही शर्करा अशा असतात की त्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढे जंतू त्यांना आंबवतात आणि वायू धरतो. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये यांत त्या भरपूर. त्या काही आठवडे कमी करून मग एकेक पदार्थ परत आणून पाहायचा, ही पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी बसवली. भात आणि ज्वारीची भाकरी यांना त्यात मुभा आहे. सौ.ने हे खाते तत्काळ ताब्यात घेतले. आता आमच्याकडे लसणाऐवजी हिंगाची फोडणी असते, आणि पुतणीला कळले आहे की तिला कांदा चालतो, लसूण नाही. माझे नेमके उलटे. एका घरात दोन फोडण्या!

जन्मभर सगळेच वर्ज्य करून बसू नये, हेही बाईंनी दोनदा सांगितले. आणि उपाशी राहणे तर पहिल्या दिवशीच बंद केले.

औषधांपैकी एकाने घरात थोडे वादळ झाले. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे जुने औषध; ते अगदी थोड्या मात्रेत आतडे आणि मेंदू यांच्यातला आवाज खाली आणते. २०२३ मध्ये इंग्लंडात साध्या कुटुंब-डॉक्टरांच्या चारशे त्रेसष्ट रोग्यांवर ते सहा महिने पडताळून पाहिले, तेव्हा ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले. पण संगमनेरहून भावाचा फोन आला, “दादा, पोरीला वेडाच्या गोळ्या देता? उद्या लग्नाचं काय?” त्याला मी माझी सोळा वर्षे सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “आपले अण्णासुद्धा कोर्टाच्या तारखेला सकाळी चारदा जायचे. आठवतं?” मला आठवले. आम्ही मुले त्यांना हसत असू.

वर्तनोपचार असतो, संमोहनाचाही उपयोग होतो. मँचेस्टरच्या व्होरवेल यांनी तीस रोग्यांवर १९८४ मध्येच तो दाखवला होता. सर्वांत चमत्कारिक प्रयोग हार्वर्डचा, २०१० चा. ऐंशी रोगी. त्यांतल्या काहींना डॉक्टरांनी उघड सांगितले की या गोळीत औषध नाही, पण अशा गोळ्यांनी शरीर स्वतःला सावरते असे दिसून आले आहे; नियमाने घ्या. तीन आठवड्यांनी ती गोळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, गोळी न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना. मी हे मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा सौ. म्हणाली, “मग सासूबाई अंगारा लावायच्या, ते काय वेगळं होतं?” मी म्हटले, “अंगाऱ्यात काही नाही असं आईनं कधी कबूल केलं नसतं.” पण मनातून मला तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटले नाही. त्या रोग्यांचेही कोणीतरी नीट ऐकून घेतले होते.

पुतणीच्या वर्तनोपचारात एक पाठ आहे. जे टाळतो ते थोडे थोडे करून पाहायचे. पहिल्या आठवड्यात तिने जलद गाडीने फक्त अंधेरीपर्यंत जायचे, उतरायचे, पुढे धीमी. मग वांद्र्यापर्यंत. कधी जमते, कधी बोरीवलीलाच हात दांडीवरून मागे येतो. त्या दिवशी ती रात्री जेवताना सांगते, “आज नाही जमलं.” काकू भाकरी वाढते आणि दुसरा विषय काढते. ती पूर्ण बरी झालेली नाही, मीही नाही. परंतु तिने सकाळचे खाणे सुरू केले आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती मला म्हणाली, “काका, तुम्ही मला एवढा उपदेश करता, तुम्ही कधी बसणार जलद गाडीत?” सौ.नेही तिचीच बाजू घेतली. रविवारचा दिवस, गर्दी बेताची. आम्ही दोघे साध्या डब्यात चढलो. पिशवीत पुस्तक होते, ते मी बाहेर काढले नाही. गाडी सुटली. कांदिवली गेली, मालाड गेले. मालाड-गोरेगावच्या मध्ये मी खिडकीचे गज घट्ट धरले. पोटाने हलकेच एकदा विचारपूस केली. राममंदिर, ज्याच्यासाठी मी एकेकाळी पेढे वाटले होते, ते न थांबता मागे पडले. जोगेश्वरी गेली. अंधेरीला गाडी थांबली. दारातून माणसे उतरत होती, चढत होती.

“काका, उतरायचं का?”

मी फलाटाच्या त्या ओळखीच्या टोकाकडे एकदा पाहून घेतले.

“थांब,” मी म्हटले, “वांद्र्यापर्यंत बघू.”